आनंदीबाई गेल्या आणि सहाव्या दिवशी रखमाबाईंचा निकाल लागला

पाटीपेन्सिल

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इतिहास शिकवते. दर जूनमध्ये सनावळीचा तक्ता हाताने नव्याने लिहून काढायचा ही माझी जुनी खोड. यंदा १८८७ च्या रकान्यात दोन नोंदी एकीखाली एक आल्या आणि मी तिथेच अडकले.

२६ फेब्रुवारी : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन.
४ मार्च : रखमाबाई खटला, मुंबई हायकोर्टाचा निकाल.

मधे फक्त सहा दिवस. दोन्ही तारखा वर्षानुवर्षं पाठ आहेत, पण शेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या. आनंदीबाईंचा जन्म मार्च १८६५ चा, रखमाबाईंचा नोव्हेंबर १८६४ चा. म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं अंतर. एकाच वर्गात शोभल्या असत्या.

आनंदीबाईंची गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून भराभर सांगते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोट धरली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मार्च १८८६ मध्ये मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, पण येतानाच क्षयाने पोखरल्या होत्या. बाविशी पुरी व्हायच्या आत संपल्या. रोगी तपासायची वेळच आली नाही.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी, दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी. पण त्या सासरी गेल्या नाहीत, माहेरीच वाढल्या. आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता (सुतार समाजात त्याला मोकळीक होती). घरात डॉक्टर, पुस्तकं, येणारेजाणारे सुधारक. मुलगी वाचत गेली आणि मोठी झाल्यावर म्हणाली, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही.

१८८४ मध्ये, बायकोला नांदायला पाठवा म्हणून दादाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपील झालं, खटला परत खाली आला आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंचं उत्तर असं की कैद चालेल.

ही बाई पुढे डॉक्टर झाली आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पस्तीसेक वर्षं, रोगी तपासत राहिली. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी चौघांना तिचं नाव माहीत होतं, तेही 'खटला' म्हणून. 'डॉक्टर' म्हणून एकालाही नाही.

का बरं असं? लिहा तुम्हाला काय वाटतं ते.

मौनीबाबा

वाचतोय. बैठक मारली आहे.

शंकासूर

लेख आवडला, पण एक शंका. आनंदीबाईंना कमी लेखायचा सूर लागतोय. 'रोगी तपासायची वेळच आली नाही' हे वाक्य खटकलं. १८८३ साली नऊवारीत, शाकाहार सांभाळून, सोबत घरचं कुणी नसताना अमेरिकेत गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने आणखी काय करायला हवं होतं?

पाटीपेन्सिल

@शंकासूर, कमी लेखायचं मनातही नाही. उलट जाण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी जे भाषण केलं ते मी वर्गात सांगते. हिंदू स्त्री-डॉक्टरांची या देशाला गरज आहे आणि मी ती होणार आहे, अशी मांडणी त्यांनी परक्या भाषेत, भर सभेत केली. मिशनची मदत घेतली असती तर वाट सोपी होती. धर्म बदलायचा नाही म्हणून ती घेतली नाही.

माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. करुण शेवट असलेली गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते आणि काम करून म्हातारी झालेली बाई आठवत नाही.

सडेतोड

आठवत नाही, कारण आठवलं तर कुणाकुणाची नावं निघतील! त्या खटल्यात 'केसरी' कुणाच्या बाजूने होता ते लिहा की ताई. का हात आखडला?

पाटीपेन्सिल

आखडला नाही, धागा पहिल्याच दिवशी पेटायला नको म्हणून थांबले होते. पण आता निघालंच आहे तर सांगते.

टिळक आणि 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात होते. शिकलेल्या बाया अशा वागायला लागल्या तर घरं मोडतील, आणि हिंदू लग्नात परक्या सरकारच्या कोर्टाने लुडबुड करू नये, अशी दुहेरी भूमिका होती. त्याच 'केसरी'ने आनंदीबाई गेल्या तेव्हा मनापासून हळहळ व्यक्त केली.

मला यात ढोंग दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की आनंदीबाई शिकल्या त्या नवऱ्याच्या इच्छेने. गोपाळरावांनी शिकवलं, हट्टाने शिकवलं, प्रसंगी मारूनही शिकवलं. आणि रखमाबाई शिकल्या त्या नवऱ्याला नाही म्हणून. पहिलीचा अभिमान बाळगायला समाजाला काही सोडावं लागत नव्हतं. दुसरीचं कौतुक करायचं तर घरातल्या सुनेला काय उत्तर द्यायचं?

शंकासूर

हं. हे पटलं. लोकमान्यांना त्यांच्या काळात ठेवून बघावं एवढीच पुरवणी जोडतो.

सडेतोड

पिन्हेही त्याच काळातला होता. आगरकरही.

गिरगावकर

भांडू नका. मला वाटतं राणी व्हिक्टोरियाने मधे पडून ते लग्न रद्द केलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं मागे, फोटोसकट.

काळाकोट

गिरगावकर, ते फॉरवर्ड माझ्याही तीन ग्रुपांवर फिरून गेलं. राणीबिणी कुणी मधे पडली नाही. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि निकालाची अंमलबजावणी सोडून दिली. विषय संपला. हुकूम कागदावर राहिला, बाई तुरुंगात गेल्या नाहीत.

आता वकिलीतली गंमत सांगतो, कारण हा खटला आम्हाला शिकवतात. हिंदू धर्मशास्त्रात बायकोला कोर्टातर्फे पकडून नांदायला पाठवायची सोयच नव्हती. जात पंचायत बसवेल, बहिष्कार घालेल, ते निराळं. 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना' हा दावा इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आलेला. पिन्हेने नेमकं तेच पकडलं. तो म्हणाला, पुनःस्थापना कशाची? हे दोघं एकत्र राहिलेच नाहीत. लहानपणी, कळायच्या आधी लागलेल्या लग्नावरून मोठ्या बाईला नको असलेल्या माणसाच्या हवाली करणं हे रानटीपणाचं होईल. अपिलात न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी हे फिरवलं.

म्हणजे 'धर्म बुडाला' म्हणून ओरडणारे ज्या हक्कासाठी ओरडत होते तो हक्क विलायती होता! आमचे प्राध्यापक हे सांगताना नेहमी चष्मा काढून पुसायचे.

आणि हो, हा दावा आजही आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने टी. सरीता खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं आणि १९८४ मध्ये सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. आता कैद नाही, हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, एवढाच फरक. माझ्याकडे महिन्याला एखादं तरी प्रकरण येतं. बहुतेक वेळा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून ठोकलेलं असतं.

सडेतोड

मालमत्तेवरून आठवलं. दादाजीला बायको हवी होती की बायकोची इस्टेट?

काळाकोट

दोन्ही बाजूंनी त्यावर बरंच लिहिलं गेलं. जयंतीबाईंनी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती, हे खरं. दादाजी मामाच्या घरी राहायचा, प्रकृती तोळामासा, शिक्षण अर्धवट. बाकी मनातलं कोर्टालाही कळलं नाही, मला काय कळणार.

पाणकोंबडी

मी इथे पक्ष्यांच्या धाग्यांवर असते, इकडे चुकून आले. पण सखाराम अर्जुन हे नाव वाचून थांबले. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढणारे जे आठ जण होते, त्यातले दोघेच भारतीय, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे वनस्पतींचे मोठे जाणकार.

आता ऐका. सुरुवातीच्या दिवसांत संस्थेला जागा नव्हती तेव्हा फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात जागा दिली. या हर्बर्ट फिप्सनशी १८८९ मध्ये लग्न केलं डॉ. एडिथ पीची यांनी. आणि पीची म्हणजे कामा हॉस्पिटलच्या पहिल्या प्रमुख डॉक्टर, ज्या रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मुंबई त्या काळी किती लहान होती बघा.

बाह्यरुग्ण

पीचींचं नाव निघालं म्हणून लिहिते. एरवी मी नुसती वाचक.

१८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात सात बायकांनी वैद्यकीला प्रवेश मिळवला, पीची त्यांपैकी एक. रसायनशास्त्रात त्यांना होप शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती त्यांच्या खालच्या नंबरच्या मुलाला दिली, कारण बाई. पुढच्या वर्षी शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघालेल्या या सात जणींवर जमावाने चिखल फेकला, दार लावून घेतलं. शेवटी एडिंबरोने पदवी दिलीच नाही. मग त्यांच्यातल्याच सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेतला आणि १८७४ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन उभं राहिलं. रखमाबाई १८८९ मध्ये शिकायला गेल्या त्या तिथेच. रुग्णालयातलं काम रॉयल फ्री हॉस्पिटलात. १८९४ मध्ये परीक्षा स्कॉटलंडच्या मंडळांची, आणि एमडी ब्रुसेल्सची. आज आपण 'एका कॉलेजातून पदवी' म्हणतो तसं नव्हतं ते. शिकायचं एकीकडे, वॉर्ड दुसरीकडे, परीक्षा तिसऱ्या देशात. जिथलं दार किलकिलं असेल तिथून आत शिरायचं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी पंधरा वर्षं झाली. त्यामुळे मला रखमाबाईंच्या खटल्यापेक्षा त्यानंतरचं कुतूहल जास्त. परत आल्यावर त्या सुरतेला गेल्या. डॉक्टर हजर, खाटा हजर, पण बायका येईनात. दवाखाना म्हणजे मरायची जागा, तिथे बाळंतीण कशाला न्यायची? शिवाय तेव्हा 'दवाखान्यात नेली' म्हणजे सुईणीने हात टेकल्यावर, दोन दिवस अडलेली. अशी बाई आली की दगावणार, आणि दगावली की पुढच्या दहा जणी येणार नाहीत.

सुरतेची सून

शेळी! शेळीची गोष्ट सांगा ना.

बाह्यरुग्ण

तुम्हीच सांगा, तुमचं गाव.

सुरतेची सून

माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, आता खरी किती कोण जाणे. बायका येत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक गाभण शेळी आणली, दवाखान्यात ठेवली आणि तिचं बाळंतपण केलं. शेळी सुखरूप, करडूही सुखरूप. गावभर झालं की तिथे शेळीसुद्धा मरत नाही. मग बायका यायला लागल्या.

सासूबाई ही गोष्ट गुजरातीत सांगताना शेळीचा आवाज काढायच्या. तो मला लिहिता येत नाही.

शंकासूर

गोष्ट म्हणून झकास. घडली नसली तरी कुणीतरी रचली म्हणजे बाई लोकांना आपली वाटली असणार.

बाह्यरुग्ण

मला ती खरी वाटते, कारण असले उद्योग आम्हाला अजून करावे लागतात. मी या गावात आले तेव्हा पहिले सहा महिने बायका तपासून घ्यायच्या, गोळ्यांची चिठ्ठी हातात धरायच्या आणि मग विचारायच्या, "मोठे डॉक्टर कधी येतील?" मोठे डॉक्टर म्हणजे माझा नवरा. तो कान-नाक-घशाचा.

एकदा एका सासूबाईंनी सून पुढे केली आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, तेवढं मशीन लावून बघा, मग डॉक्टरांना दाखवू." मी सोनोग्राफी केली, रिपोर्ट लिहिला, सही केली, शिक्का मारला. त्या शिक्क्याकडे बघून म्हणाल्या, "अगोबाई." बस, तेवढंच. पुढच्या महिन्यात दोन्ही सुना आणि एक भाची घेऊन आल्या.

हे विसाव्या शतकाच्याही नंतरचं. रखमाबाई १८९५ मध्ये, नवरा सोडलेली, सुतार समाजातली, वर्तमानपत्रांत नाव गाजलेली बाई, परक्या गावात, परक्या भाषेत. तिच्याकडे कोणता शिक्का होता?

मौनीबाबा

उठून उभा राहिलो.

गिरगावकर

बाह्यरुग्ण, सलाम. तो फॉरवर्ड मी डिलीट केला आहे. एक विचारू का? त्या काळी बायकांना डॉक्टरच का हवी होती बाई? पुरुष डॉक्टर होतेच की.

बाह्यरुग्ण

होते, पण पडद्यातली बाई त्यांना नाडीपलीकडे काही दाखवत नसे. पोट तपासायचं नाही, रक्तस्राव कुठून होतोय ते बघायचं नाही, प्रश्न नवऱ्यामार्फत विचारायचे. अशाने निदान काय होणार? म्हणून १८८० च्या दशकात एकदम हालचाल दिसते. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभा केला, विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणायच्या ठरल्या, त्यातून पीची १८८३ मध्ये आल्या. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना दार उघडलं. पेस्तनजी कामांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं. १८८५ मध्ये बायकांच्या औषधोपचारासाठी लेडी डफरिन फंड. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी व्यवसायही केला.

यात एक कडू बाजूही आहे. 'बायकांना बाईच लागते' या युक्तिवादाने दार उघडलं, पण आम्ही त्याच खोलीत बसलो. माझ्या बॅचच्या मुलींना सर्जरी घ्यायची म्हटल्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पाटीपेन्सिल

बाह्यरुग्ण, तुम्ही नुसत्या वाचक का राहता हो!

रखमाबाईंचं पुढचं थोडं जोडते. सुरतेनंतर राजकोटचं जनाना, म्हणजे बायकांचं, रुग्णालय, तिथेच निवृत्ती. राजकोटला रेड क्रॉसची शाखा त्यांनी उभी केली. प्लेगच्या कामासाठी कैसर-ए-हिंद पदक मिळालं. १९२९ मध्ये, पासष्टीला टेकल्यावर, पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. आयुष्यभर पडद्याआडच्या बायका तपासल्यावर हे लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५५ मध्ये मुंबईत गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन.

आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा, त्यामागे जी कारणं होती त्यात हा खटला होताच.

काळाकोट

एक गोष्ट मला कधी सुटली नाही. दादाजी १९०४ मध्ये वारला. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला लागल्या, असं सांगतात. ज्याच्यासाठी तुरुंगात जायला तयार होत्या, तो मेल्यावर त्याचं वैधव्य? वकील म्हणून मला ही कबुली वाटते, आणि कसली कबुली ते कळत नाही.

सडेतोड

लोकांची तोंडं बंद करायला. पांढऱ्यातल्या बाईला रात्री-अपरात्री कुणाच्याही घरी बाळंतपणाला जाता येतं. कुंकवाचं काय, मंगळसूत्राचं काय, कुणी विचारत नाही.

सुरतेची सून

किंवा वाईट वाटलं असेल. चाळीस वर्षांची होती हो ती. सगळंच कशाला डावपेच असायला हवं?

बाह्यरुग्ण

किंवा पांढरं उकळता येतं. दिवसभर वॉर्डात उभ्या असलेल्या बाईला रंगीत लुगडं परवडत नाही.

काळाकोट

तीन उत्तरं आणि तिन्ही पटतात. या कोर्टाने निकाल राखून ठेवला आहे.

मौनीबाबा

पाटीपेन्सिल ताई, सगळं वाचलं. आता एवढंच सांगा. माझी मुलगी तुमच्याच परीक्षेला बसते आहे. 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' असं विचारलं आणि पर्यायांत आनंदीबाई, कादंबिनी, रखमाबाई अशा तिघी आल्या, तर गोल कुठला काळा करायचा?

पाटीपेन्सिल

आनंदीबाई. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याशी वाद घालता येत नाही, गुण जायचे.

तक्त्यात मात्र १८९५ च्या रकान्यात 'डॉ. रखमाबाई, सुरत' असं लिहून ठेवलं आहे. जागा उरली नव्हती, म्हणून समासात. तुमच्या मुलीला सांगा, वर्गात आली की दाखवते.